खांद्यावरचा एक बांबू

आधी खांदा मोकळा करा. पिशवी, मोबाइल, पाण्याची बाटली इथंच झाडाखाली राहू द्या, कोणी हात लावणार नाही. तुम्हाला एकच गोष्ट उचलायची आहे: एक हिरवा बांबू. मानवेल जातीचा, जवळजवळ भरीव. दिसायला सडसडीत, पण शंभर पावलांत खांदा रडवतो.

तुम्ही उभे आहात ते जंगल गडचिरोली जिल्ह्यातलं. गडचिरोलीहून धानोऱ्याची वाट धरली की तीसेक किलोमीटरवर, धानोरा येण्याच्या जरा अलीकडे, लेखा हे गाव लागतं आणि त्याला लागून मेंढा. कागदोपत्री ‘मेंढा (लेखा)’. गोंड आदिवासींची पाचशेच्या आसपास वस्ती. जवळून कठाणी नदी वाहते, बाकी जिकडे बघाल तिकडे रान. ऐन, बिजा, साग, मोह, तेंदू, चारोळी आणि मधूनमधून बांबूची बेटं.

हा बांबू इथून गावापर्यंत न्यायचा, एवढंच काम. पायवाट तीच, बांबू तोच. फक्त साल बदलत जाईल. वाटेत दर वेळी कोणी ना कोणी भेटेल आणि तुम्हाला काहीतरी विचारेल. कोण विचारतंय आणि काय विचारतंय, तेवढं लक्षात ठेवा.

चला. साल १९४०.

जिल्हा चांदा, प्रांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड. रोहिणी जवळ आल्यात, छपराचे वासे कुजलेत, म्हणून तुम्ही बांबू तोडलात. पायात काही नाही, कमरेला आखूड धोतर, कमरेच्या मागे कुऱ्हाड अडकवलेली. जंगल जमीनदाराचं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण घराला वासा, नांगराला लाकूड, कुंपणाला काटेरी फांदी आणि चुलीला जळण घेण्याला इथं चोरी म्हणत नाहीत. त्याला निस्तार म्हणतात. निस्तार म्हणजे गुजराण भागवणं. आजोबांनी भागवली, बापाने भागवली, आता तुम्ही भागवताय.

वाटेत जमीनदाराचा माणूस भेटतो. बांबूकडे बघतही नाही. त्याला तुमचा बांबू नको, तुमचा दिवस हवा आहे. उद्या वाड्यावर यायचं, मालकाचं शेत आहे. परवा साहेबाचा तंबू पडणार, ओझं वाहायला चार गडी लागतील. ही बेगार. मजुरी विचारायची पद्धत नाही. तुम्ही मान हलवता आणि चालू लागता.

तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट मात्र तेरा वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. १९२७मध्ये भारतीय वन अधिनियम आला. त्याच्या सुरुवातीलाच ‘झाड’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. ताड हे झाड, खुंट हे झाड, झुडूप हे झाड, वेत हे झाड आणि बांबूही झाड. वनस्पतिशास्त्र वेगळं सांगतं. त्याच्या हिशेबी बांबू गवताच्या कुळातला, ऊस आणि धानाचा भाऊबंद. म्हणजे तुमच्या खांद्यावर आहे गवताची भलीमोठी काडी आणि कायद्याला दिसतंय झाड. तुम्हाला वाचता येत नाही, त्यामुळे आज हसू येत नाही. पण हे एक वाक्य तुमच्या नातवंडांपर्यंत पुरणार आहे.

बांबू या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्या. साल १९७५.

तुम्ही जागचे हलला नाहीत, पण राज्यं तुमच्या अंगावरून गेली. मध्य प्रदेश झालं, १९५६मध्ये मुंबई राज्य झालं, १९६०मध्ये महाराष्ट्र झालं. त्याआधी १९५०च्या कायद्याने जमीनदारी गेली. जमीनदार गेला तेव्हा वाटलं, आता जंगल आपलं. पण ते सरकारजमा झालं. निस्ताराच्या नोंदी झाल्या खऱ्या, पण नोंदी कचेरीत आणि जंगल वनखात्याच्या नाकेदाराच्या हातात.

तोच समोरून सायकलवर येतोय. खाकी कपडे, हातात काठी. सायकल आडवी लावतो.

“ए, थांब. काय नेतोस?”

“बांबू आहे जी. कुडाला पाहिजे.”

“कोणाला विचारून तोडलास?”

याचं उत्तर तुमच्याकडे नाही. कारण आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही बांबू खाली ठेवता. मग बोलणं होतं, हलक्या आवाजात. एक कोंबडी. मोहाची एक बाटली. नाहीतर त्याच्या घरी एक दिवसाचं फुकट काम. बेगारीचं नाव बदललं, वेळ तीच. बांबू पुन्हा खांद्यावर येतो, पण आता त्याचं ओझं वाढलंय, कारण तो चोरीचा झालाय.

तेवढ्यात रस्त्याने धूळ उडवत ट्रक जातो. बांबूने शिगोशीग भरलेला, मागे टोकं झुलताहेत. कागद गिरणीचा माल. गिरणीला जंगल लांब मुदतीच्या पट्ट्याने दिलेलं आहे, दरही नावापुरता. नाकेदार ट्रकला हात करत नाही, करायचं कारणच नाही, त्याच्याकडे परवाना आहे. तुम्ही धुळीत डोळे मिटून उभे राहता. एक बांबू नेणारा चोर आणि हजार नेणारा गिऱ्हाईक, हा हिशेब शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो.

पुढचं पाऊल १९८४मध्ये टाका.

दोन वर्षांपूर्वी, २६ ऑगस्ट १९८२ला, चंद्रपूर (जुना चांदा) तोडून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झालाय. सगळीकडे एकच बोलणं: धरणं येताहेत. गोदावरीवर इंचमपल्ली, इंद्रावतीवर भोपालपट्टणम. वीज होईल ती दूरच्या शहरांत, पाण्याखाली जाईल ते आदिवासींचं रान आणि गावं. आदिवासी नेते लालश्याम शाह महाराज आणि समाजसेवक बाबा आमटे यांच्या मागे माणसं चालू लागलीत. ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ ही घोषणा मेंढ्यापर्यंत पोचली आहे. तुम्हीही मोर्चाला जाऊन आलात. पायांना फोड आलेत, घसा बसलाय. लवकरच सरकार ते प्रकल्प बाजूला ठेवील, पण आज ते कोणालाच माहीत नाही.

आज तुमच्या खांद्यावरचा बांबू घरासाठी नाही, गोटुलासाठी आहे. गोटुल म्हणजे गोंडांच्या पोरापोरींनी एकत्र जमायची, नाचायची, शिकायची जागा. मध्यंतरी ती मोडकळीस आली होती. मोर्चातून परतल्यावर गावाने ठरवलं की आपलं म्हणून जे आहे ते पुन्हा उभं करायचं. त्यासाठी जंगलातून सागाची लाकडं आणली. वनखात्याने ती बेकायदा ठरवून जप्त केली. गाव गप्प बसलं नाही, गोटुल पुन्हा उभं राहिलं. आजूबाजूची गावंही म्हणू लागली की मग आम्हीही बांधतो.

या वेळी नाकेदार तुम्हाला अडवतो, तेव्हा पहिल्यांदाच तुमच्याकडे उत्तर असतं.

“कोणाला विचारलंस?”

“गावाला.”

इथं बांबू खाली ठेवा. जरा बसा. कारण पुढची जागा चालायची नाही, बसायचीच आहे.

ऐंशीचं दशक संपत आलंय. रात्रीची जेवणं आटोपलीत. चांदणं पडलंय, दूर कुठंतरी कुत्रं भुंकतंय. गाव गोलात बसलंय: एका बाजूला बायका, मांडीवर पोरं, दुसऱ्या बाजूला बाप्ये, म्हातारे खांबाला टेकलेले. तुम्हाला अंग चोरून बसावं लागतं, कारण घरटी एक नाही, सगळं घर आलंय. बोलणं गोंडीत चाललंय, मध्येच मराठी. देवाजी तोफा बोलताहेत, याच गावचे. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ऐकताहेत. एखादं गाव सगळ्यांच्या संमतीने कारभार करू शकतं का, हे शोधत ते या भागात आलेत. ते निर्णयाला हात लावत नाहीत. विचारलं तर माहिती सांगतात, कायदा समजावतात आणि पुन्हा ऐकत बसतात.

या बैठकीची एक रीत तुम्हाला बुचकळ्यात टाकते. इथं मतं मोजत नाहीत. हात वर करा म्हणत नाहीत. एकाने जरी ‘मला पटत नाही’ म्हटलं तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. मग पुन्हा बोलणं, पुन्हा समजावणं. तुम्ही शहरातून आलात, तुम्हाला वाटतं की असं तर काहीच ठरायचं नाही. पण शेजारची म्हातारी तुमच्याकडे बघून हसते. बहुमताने ठरलं तर हरलेली अर्धी माणसं रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात जातील. सगळ्यांनी ठरवलं तर मोडायला कोण उरणार? जंगल राखायला चौकीदार परवडत नाही, म्हणून सहमती परवडते.

बैठकीच्या आधी अभ्यासगट बसतात. मध काढायचा अभ्यास, जंगलाचा अभ्यास, कायद्याचा अभ्यास. पोळं जाळून, माश्या मारून मध काढला तर पुढच्या वर्षी पोळं कुठून येणार, यावर रात्र रात्र चर्चा झालीय आणि माश्या न मारता मध काढायची रीत गाव शिकलंय.

हळूहळू नियम ठरत जातात. तुमच्यासमोर एकेक मांडला जातो. घराला लागेल ते जंगलातून घ्यायचं, पण त्यासाठी कोणाला फी नाही, लाच नाही, कोंबडी नाही. गावाला विचारल्याशिवाय बाहेरच्याने जंगलात काम सुरू करायचं नाही, मग तो सरकारी का असेना. किती घ्यायचं ते गाव ठरवणार. जंगल तोडून नवी शेती करायची नाही. आग लावायची नाही. आळीपाळीने माणसांनी रोज जंगलात फिरून राखण करायची. मजुरीतला दहावा हिस्सा गावच्या कोषात टाकायचा.

आता तुम्हाला वाटेल, हे सगळं सोपं. नाही. आग लावायची नाही म्हणजे मोहाखालचा पाचोळा हाताने झाडायचा. शेती वाढवायची नाही म्हणजे ज्याच्या घरी चार भाऊ आहेत त्याने तेवढ्याच बांध्यांत भागवायचं. पहिला जो उठून ‘मला पटत नाही’ म्हणतो, त्याचं म्हणणंही खोटं नसतं. म्हणूनच रात्री लांबतात.

हाच काळ कागद गिरणीच्या बांबूतोडीला गावाने हरकत घेतल्याचा. आमचा निस्तार आधी, गिरणीची गरज नंतर, एवढंच गावाचं म्हणणं. भिंतीवर गोंडीत घोषणा आहे: ‘मावा नाटे मावा राज’. आमच्या गावात आमचं राज. मराठीत ती लांब झाली आणि पुढे राज्यभर गेली: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

उठा. बांबू उचला. निघताना रिकामी वाट बघून चकित व्हाल. नाकेदार नाही. पण वळणावर गावचीच दोन माणसं उभी आहेत, आज राखणीची पाळी त्यांची. ओळखीची आहेत, हसतात, आणि तरीही विचारतात.

“काय भाऊ, कशाला नेता? किती झाले तुमचे या वर्षी?”

नाकेदाराला कोंबडी देऊन भागलं असतं. यांना काय देणार? खोटं बोललात तर पुढच्या बैठकीत म्हातारी पुन्हा तुमच्याकडे बघून हसेल. तुम्ही खरं सांगता.

साल २०१०.

आता तुमच्या घरच्या पेटीत एका कागदाची नक्कल आहे. २००६मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याने सुरुवातीलाच मान्य केलं. गावाने दावा केला. सीमा मोजल्या, पुरावे लावले, म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मेंढ्याच्या ग्रामसभेला मिळाला. देशात असा हक्क सगळ्यांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे. दावा करताना अडचण आली नाही, असं नाही. पण इतर गावांना जे नव्याने जमवावं लागलं, ते इथं वीस वर्षं वहीत लिहिलेलं होतं.

तेव्हा आज तुम्ही बांबू घरी नेत नाही आहात. आज तो विकायचा आहे. हक्क मिळालाय, माल आपला आहे, गिऱ्हाईक तयार आहे. पण रस्त्यावर आलात आणि थांबलात. जंगलाबाहेर माल न्यायला वाहतूक परवाना लागतो. बोलीत ‘टीपी’. टीपी देतं वनखातं. आणि वनखातं म्हणतं, बांबू हे झाड आहे, झाड गौण वनोपज नाही, टीपी मिळणार नाही.

आठवलं? १९२७चं ते वाक्य. ताड, खुंट, झुडूप, वेत, बांबू. वनहक्क कायद्याने मात्र गौण वनोपजाच्या यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलंय. एकाच सरकारचे दोन कायदे, एकात बांबू झाड, दुसऱ्यात उपज, आणि मध्ये तुम्ही, खांद्यावर ओझं घेऊन. जंगल तुमचं, बांबू तुमचा, आणि तो रस्त्यावर आणला की गुन्हा. आजोबांनी न विचारता नेला होता तो. तुम्ही मालक होऊनही नेऊ शकत नाही.

आता तारीखच सांगतो. २७ एप्रिल २०११.

एप्रिलचं ऊन. मोहफुलांचा हंगाम सरलाय, तेंदूपत्त्याचा तोंडावर आलाय. गावात एवढ्या गाड्या तुम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. मांडव घातलाय. केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आलेत, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आलेत. महिनाभरापूर्वी रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र धाडून कळवलं होतं की बांबू हे गौण वनोपज समजा आणि ग्रामसभांचा हक्क माना. आज ते पत्र जमिनीवर उतरायचं आहे.

तुम्ही गर्दीत टाचा उंचावून बघताय. वनखात्याकडचं वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं जातं. देवाजी तोफा ते घेतात. टाळ्या पडतात. बायका ढोलाच्या तालावर सरकू लागतात. पुस्तक दिसायला साधंच आहे, किराणा दुकानात पावतीचं असतं तसं. पण आतापर्यंत ‘कोणाला विचारलंस’ हे विचारणारं पुस्तक आता ज्याला विचारायचं त्याच्याच हातात आलंय.

पुढल्या वर्षी नियमांतही ते आलं. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२मध्ये दुरुस्ती होऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला मिळाला. आणि २०१७च्या अखेरीस वन अधिनियमातल्या ‘झाड’च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्दच वगळला गेला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झालं.

शेवटची खेप. आजचा दिवस.

या वेळी बांबू तुम्हीच तोडा. बेटाजवळ जा, पण कुऱ्हाड उचलण्याआधी बघा. यंदाच्या पावसात आलेले कोंब ओळखा. त्यांना हात लावायचा नाही. वास्त्याची, म्हणजे या कोंबांची, भाजी कितीही गोड लागली तरी बेट ओरबाडायचं नाही. गेल्या वर्षीचे बांबू अजून कोवळे आहेत, तेही राहू द्या. तीन पावसाळे पाहिलेला, रंग उतरलेला, वाजवला की खणखणीत बोलणारा निवडा. जमिनीलगत, पेराच्या वर तोडा. उंच खुंट सोडलात तर बेट गुदमरतं आणि नवे कोंब वाकडे येतात. मधले म्हातारे काढायचे, कडेचे तरणे राखायचे. बेट पुढे सरकतं ते कडेने.

ठेकेदाराचा मजूर असतात तर हे केलं नसतंत. त्याला नगावर पैसे, आणि पुढच्या साली तो दुसऱ्या जंगलात. तुम्हाला मात्र पुढच्या साली याच बेटाशी यायचं आहे.

मेंढ्याने बांबू विकला तो लिलाव करून, गिऱ्हाईक निवडून. पहिल्याच मोठ्या विक्रीत गावच्या खात्यात कोटीच्या घरात रक्कम आली. पाचशे वस्तीच्या ग्रामसभेने आयकर खात्याचा पॅन काढला, हिशेब ठेवले, तोडणीची मजुरी गावातल्याच हातांना दिली, उरलेल्या पैशाचं काय करायचं ते पुन्हा त्याच गोलात बसून ठरवलं. २०१३मध्ये तर गावाने आपापली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. मेंढ्याची वाट पुढे इतरांनी धरली. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेत.

सगळ्याच ठिकाणी मेंढा झाला असं समजू नका. हक्काचा कागद मिळाला आणि जंगलाचा कारभार व्यापाऱ्याच्या सल्ल्याने चालला, असंही होतं. पैसा आला की गोल मोडतो, दोन गट होतात, बैठकीला कोरम भरत नाही. सही करणारे चार आणि ठरवणारा एक, अशी ग्रामसभा तुम्हीही पाहिली असेल. कागद सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो कागदाच्या आधी काय घडलं होतं, त्याने.

आता गावात आलात. बांबू उतरवा, खांदा चोळा. आठ-नऊ दशकांत हीच वाट पुन:पुन्हा चाललात, आणि दर वेळी कोणीतरी प्रश्न विचारला. जमीनदाराच्या माणसाने तुमचा दिवस मागितला. नाकेदाराने कोणाला विचारलंस म्हटलं. खात्याने परवाना मागितला. त्या सगळ्यांना चुकवता आलं असतं, चुकवलंही. एकच प्रश्न चुकवता आला नाही: वळणावरच्या दोघांचा. किती झाले तुमचे या वर्षी?

लोक म्हणतात की हक्क मिळाला म्हणून मेंढ्याने जंगल राखलं. तुम्ही तर आत्ताच चालून आलात, तुम्हाला तारखा पाठ आहेत. हक्क २००९चा. राखण त्याच्या वीस वर्षं आधीची.

झाडाखालची पिशवी घ्या, मोबाइल सुरू करा. तुमच्या गावाला जंगल नसेल. गायरान असेल, ओढा असेल, तळं असेल, गावकुसाबाहेरची टेकडी असेल. महाराष्ट्रातल्या गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते, निदान भरली असं लिहिलं तरी जातं. पुढची तारीख बघून ठेवा. जा आणि गोलात बसा. पटलं नाही तर तसं म्हणा, आणि उठून जाऊ नका.